पाऊल चुकते तेथे शिक्षक शिकतो
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



‘नृत्य शिकविणाऱ्या शिक्षकाने अनुभवातून कसे शिकावे’ हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून काहींच्या मनात असा प्रश्न उभा राहिला असेल की, आपण तर गावशाळेतील साधे शिक्षक. नृत्याशी आपला संबंध काय? परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येईल की, प्राथमिक शाळेच्या कलाशिक्षणात चित्र, गायन, वादन व नाट्य यांच्या जोडीने नृत्यालाही स्थान आहे, आणि तो विषय शिकविण्यासाठी आपल्याकडे निराळा शिक्षक नाही. द्विशिक्षकी शाळेत जो गणित शिकवितो तोच लेझीम धरतो व टिपऱ्यांचा ताल देतो. म्हणजे इच्छा असो वा नसो, आपण सारे नृत्यशिक्षक आहोतच. प्रश्न एवढाच की, ते काम करता करता आपण स्वतः काही शिकतो की नाही?

पुष्कळदा असे म्हटले जाते की, अनुभव हाच मोठा गुरू. हे वचन अर्धेच खरे आहे. जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९३८ साली ‘अनुभव आणि शिक्षण’ या अर्थाचे नाव असलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक अनुभवातून शिक्षण घडतेच असे नाही. काही अनुभव तर पुढील शिक्षणाची वाट अडवून बसतात. वीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकापाशी वीस वर्षांचा अनुभव असतो, किंवा एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा गिरविलेला असतो. या दोहोंत जो फरक पडतो तो, घडलेल्या गोष्टीकडे शिक्षक मागे वळून पाहतो की नाही, यामुळे पडतो.

आता नृत्याच्या बाबतीत आपल्या शाळांत सामान्यतः काय घडते ते पाहू. स्नेहसंमेलन किंवा प्रजासत्ताक दिन पंधरा दिवसांवर आला म्हणजे नृत्याची आठवण होते. भ्रमणध्वनीवरून एखादे गाणे ध्वनिवर्धकावर लावले जाते. चटपटीत अशी आठ मुले निवडली जातात व उरलेली पन्नास मुले सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. कार्यक्रम रंगतो, पालक संतुष्ट होतात, सरपंच बक्षीस जाहीर करतात. यात वाईट काही नाही. परंतु ज्या आठ मुलांना येत होते त्यांनाच आपण शिकविले, आणि ज्यांना येत नव्हते त्यांना बसवून ठेविले. गणिताच्या तासाला बेरीज न येणाऱ्या मुलास ‘तू बाहेर बस’ असे आपण म्हणत नाही. नृत्यात मात्र ते बिनदिक्कत म्हणतो. त्यात मुलाची हानी आहेच, पण शिक्षकाचीही आहे. ज्याचे पाऊल चुकते, तोच मुलगा शिक्षकाला काही शिकवू शकतो. त्याला मागे बसविले की शिक्षकाची शाळाच बंद पडते.

नृत्याचा एक मोठा गुण असा की, त्यात मुलाची समजूत लपून राहत नाही. वाचनात मूल पाठांतराने वेळ मारून नेते. पाढ्यांत शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळते. पायाला तशी लबाडी करता येत नाही. शिकविलेले पोहोचले की नाही, हे त्याच क्षणी अंगणात दिसते. मात्र ‘चुकले’ हा एकच शब्द उच्चारून आपण थांबलो, तर त्या दिसण्याचा काही उपयोग नाही. चूक एकसारखी दिसली तरी तिची कारणे निरनिराळी असतात. एका मुलाच्या कानाला ताल लागलेला नसतो. दुसऱ्याच्या कानाला तो लागलेला असतो, पण पाय ऐकत नाही. तिसऱ्याला क्रम आठवत नाही. चौथ्याला सारे येते, पण शेजारी कोणी हसेल या भीतीने तो अंग आखडून घेतो. या चौघांना ‘पुन्हा कर’ असे सांगणे म्हणजे चार निराळ्या दुखण्यांवर एकच पुडी देणे होय.

हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. मुलाला नाच थांबवून केवळ टाळी वाजवावयास सांगावे. टाळी तालात पडली, तर कान ठीक आहे. मग पायाकडे लक्ष द्यावे. टाळीही चुकली, तर पावले शिकविण्याची घाई करू नये. चालणे, थांबणे, टाळी देणे एवढाच खेळ काही दिवस घ्यावा. क्रम विसरत असेल, तर पावलांना बोल जोडून ते आधी तोंडाने म्हणवून घ्यावेत. कथक नृत्यात याला पढंत म्हणतात. नर्तक बोल म्हणून दाखवितो व मग नाचतो. लाजणाऱ्या मुलास पहिल्या रांगेत आणू नये व अगदी शेवटीही ठेवू नये. दोन सरावलेल्या मुलांच्या मध्ये उभे करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल चुकले की आपण लय फार संथ करतो. परंतु फार संथ लयीत एका पायावर तोल धरून ठेवावा लागतो, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना तेच कठीण जाते. त्यांच्या सहज चालीची जी गती असते, तीवरून आरंभ करणे बरे.

एका शाळेतील हकीगत सांगतो. तिसरीतील एक मुलगी प्रत्येक वेळी उलटे पाऊल टाकीत असे. संमेलनाच्या यादीतून तिचे नाव वगळावयाचे ठरत आले होते. तेथील शिक्षकांनी तिला टाळी वाजवावयास सांगितली. ती अचूक पडली. मग त्यांनी सहकारी शिक्षिकेस विनंती केली की, ‘मी शिकवीत असताना आपण माझ्याकडे न पाहता फक्त या मुलीकडे पाहा.’ दोन दिवसांत उलगडा झाला. शिक्षक मुलांकडे तोंड करून उभे राहत, ‘उजवा पाय’ असे म्हणत व स्वतःचा उजवा पाय उचलीत. समोर उभ्या असलेल्या मुलाला तो आपल्या डाव्या अंगाला दिसतो. कान सांगे उजवा, डोळा सांगे डावा. इतर मुले ऐकून शिकत होती. ही मुलगी पाहून शिकत होती. ती शिक्षकांचे निष्ठेने अनुकरण करीत होती आणि त्याबद्दलच तिला चुकलेली ठरविले जात होते. पुढे शिक्षक मुलांकडे पाठ करून पाऊल दाखवू लागले, आणि समोर तोंड करून उभे राहिले तर ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा पाय उचलू लागले. मुलगी रांगेत राहिली.

हकीगत येथेच संपली असती, तर मी ती सांगितली नसती. त्या शिक्षकांनी टाचणवहीत हे दोन ओळींत लिहून ठेविले होते. काही आठवड्यांनी पहिलीच्या वर्गात अंक शिकविताना ती नोंद त्यांना आठवली. पुष्कळ मुले ३ आणि ६ यांत घोटाळा करीत होती. हे दोन अंक एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे भासतात, हे आपण जाणतोच. शिक्षक मुलांकडे तोंड करून हवेत बोटाने ३ काढीत, आणि मुलांना तो उलटा, म्हणजे ६ सारखा, दिसे. अंगणात सापडलेले कारण वर्गातही हजर होते. नृत्याच्या तासाने गणिताचा तास सुधारला, तो असा.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन विचारवंताने १९८३ साली अशाच विचारपद्धतीवर एक ग्रंथ लिहिला. कुशल व्यावसायिक काम करता करता विचार करतो आणि काम झाल्यावरही करतो, असे दोन प्रकार त्याने दाखविले. टाळी वाजवावयास सांगणे हा पहिला प्रकार. टाचणवहीतील दोन ओळी हा दुसरा. पहिल्यामुळे आजचा तास सावरतो, दुसऱ्यामुळे पुढील वर्ष सावरते.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका थोर नृत्यशिक्षिकेचे स्मरण करणे उचित होईल. पंडिता रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही संस्था स्थापिली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण पुरे झालेले नव्हते. पुढे अनेक वर्षे त्या पंडित लच्छू महाराज व पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशी विद्यार्थिनी म्हणून शिकत होत्या आणि त्याच काळात गुरू म्हणून शिकवीतही होत्या. त्यांनी आपल्या वाटचालीविषयी मराठीत लेखन केले आणि इझाडोरा डंकन या पाश्चात्य नर्तकीचे आत्मचरित्रही मराठीत आणले. २००८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कला आपल्या अंगणात येणार नाही हे खरे. परंतु शिकता शिकता शिकविणे आणि केलेल्या कामाविषयी लिहिणे, या दोन गोष्टी कोणाही शिक्षकाला घेता येण्यासारख्या आहेत.

आणि गुरू शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको. आपली झाडीपट्टी दंडारीची भूमी आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार व खडी गंमत रंगते. गायगोधनाच्या दिवशी गोवारी बांधव वाद्यांच्या तालावर नाचत निघतात. ही मंडळी कोणत्याही अध्यापक विद्यालयात गेलेली नाहीत. तरी एका पिढीने दुसऱ्या पिढीला शिकविलेच ना? गावातील एखाद्या जुन्या दंडारकऱ्यास शाळेत बोलवावे. त्याला नाच दाखवावयास सांगावे, पण ‘आपण कसे शिकलात, कोणाशेजारी उभे राहिलात, आधी काय शिकलात?’ हेही विचारावे. मुलांच्या देखत शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे. गुरुजीही शिकतात, हे दृश्य मुलांनी पाहणे हाच एक पाठ आहे.

तसेच मुलांचे अंग कोरे नसते, हेही विसरू नये. त्यांनी रोवणीच्या वेळी बायांना एका ओळीत वाकून मागे सरकताना पाहिले आहे, सुपाने धान्य पाखडताना पाहिले आहे. रुडॉल्फ लाबान याने १९४८ साली शैक्षणिक नृत्यावर लिहिलेल्या ग्रंथात, मुलाने ठराविक पावले गिरविण्यापेक्षा आपल्या हालचालीचा स्वतः शोध घ्यावा, यावर भर दिला. आपल्या मुलांना असे सांगून पाहा : ‘पऱ्हे लावताना हात कसा जातो ते दाखवा, आता तेच तालावर करा.’ ध्वनिवर्धक नको, पोशाख नको. एक खंजिरी पुरे. आणि यात मागे बसविण्याजोगे मूल सापडणे कठीण.

शेवटी तीन सूचना करतो. पहिली, नृत्याचा तास वर्षातून पंधरा दिवस न घेता आठवड्यातून एकदा घ्यावा आणि त्यात वर्गातील प्रत्येक मूल असावे. दुसरी, तास संपल्यावर टाचणवहीत तीन ओळी लिहाव्यात : मी काय करावयास सांगितले, मुलांनी प्रत्यक्षात काय केले, आणि पुढील वेळी मी काय बदलीन. ‘तास चांगला झाला’ असे लिहू नये. त्या वाक्यातून कोणी काही शिकलेले नाही. ‘सात मुलांनी वळताना ताल सोडला; वळण्याआधी एक टाळी घालून पाहीन’ असे लिहावे. तिसरी, महिन्यातून एकदा सहकाऱ्यास आपला तास पाहावयास बोलवावे, आणि त्याने शिक्षकाकडे न पाहता मागच्या रांगेकडे पाहावे. द्विशिक्षकी शाळेत हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. दोन वर्ग एकत्र करून अर्धा तास काढता येईल. मी स्वतः शाळाभेटीस येईन तेव्हा या तीन ओळी वाचीन, पण दोष काढण्यासाठी नव्हे. इतर शाळांना सांगण्याजोगे काही मिळते का, यासाठी वाचीन.

बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातील बहुतेक मुले पुढे नर्तक होणार नाहीत. परंतु ‘मला जमत नव्हते, तेव्हा माझ्या गुरुजींनी थांबून मजकडे पाहिले’ ही आठवण घेऊन ती शाळेबाहेर पडली, तर त्यांना शिकण्याचे भय उरणार नाही.