मुंबईला न पोहोचलेली बोट

इजिप्तमधल्या हुरघाडाहून बोटीनं तांबड्या समुद्रात उत्तरेला गेलं, की अबू नुहास नावाचा प्रवाळ-खडक लागतो. त्यावर आपटून बुडालेल्या मालवाहू बोटी पाहायला डायव्हर येतात. एक फरश्यांची, एक लाकडाची. त्यांचं राहू द्या. मला बोलायचंय 'कर्नाटिक'बद्दल, कारण ती निघाली होती आपल्या मुंबईला.

साल १८६९. सुएझचा कालवा खुला व्हायला दोनेक महिने अवकाश. विलायतेचे प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरत, आगगाडीनं सुएझ गाठत आणि तिथून पी अँड ओ कंपनीची आगबोट धरत. सप्टेंबरात 'कर्नाटिक' निघाली. दोनशेवर माणसं, टपाल, कापूस, तांब्याचे पत्रे, दारूच्या नि सोडावॉटरच्या बाटल्या आणि ४० हजार पौंडांची नाणी. मध्यरात्र उलटल्यावर ती या खडकावर चढली.

मी या बोटीच्या नादी लागलो ते पुढच्या चौतीस तासांमुळे. समुद्र शांत, पंप चालू, शाडवान बेट समोर. प्रवासी म्हणाले, आम्हाला बेटावर सोडा. कप्तान जोन्स म्हणाला, कंपनीचीच 'सुमात्रा' आज-उद्या इथून जाईल, थांबा. संध्याकाळी मंडळी चक्क जेवायला बसली! खडकात रुतलेल्या बोटीवर! रात्री पाणी बॉयलरपर्यंत आलं, दिवे गेले. सकाळी कप्तानानं होकार दिला. बायका नि एक मूल होडीत बसतात न बसतात तोच बोट दुभंगली. एकतीसजण गेले. उरलेले बेटावर पोहोचले, वाहून आलेला कापूस पेटवून त्यांनी इशारा केला आणि 'सुमात्रा'नं त्यांना उचललं. म्हणजे पाहा, कप्तान म्हणाला ती बोट आली, पण उशिरानं.

चौकशी झाली, कप्तानाचा परवाना नऊ महिने रोखला. पाणबुड्यांनी बरीचशी नाणी वर काढली. हे झटकन सांगतो, कारण खजिन्याची गोष्ट सगळेच सांगतात.

आता बोट पंचवीसेक मीटरवर डाव्या कुशीवर पडली आहे. लाकडी फळ्या कुजल्या, लोखंडी बरगड्या राहिल्या. त्यांतून ऊन थेट आत येतं, आणि आत काचेसारख्या पारदर्शक माशांचा थवा. तुम्ही पुढे सरकलात की तो दुभंगतो, मागे पुन्हा मिटतो. बरगड्यांवर मऊ प्रवाळ लोंबतंय. मी डायव्हिंग शिकलो मालवणात, तिथल्या गढूळ पाण्याला सरावलेलो; इथं मला हवेकडे लक्ष ठेवायचंच भान राहिना.

बाटल्या मात्र फुटक्याच दिसतात. शाबूत होत्या त्या हौशी लोकांनी केव्हाच उचलल्या. कुणाच्या तरी शोकेसमध्ये त्या नुसत्या जुन्या बाटल्या. खडकावर असत्या, तर मुंबईला निघालेला माल असत्या. तेव्हा पुन्हा सांगतो, ही मुंबईची बोट आहे. कधी उतरलात, तर पाहा, फोटो काढा, हात रिकामे ठेवा. आणि उरलेल्या बोटींना वेळ पुरला नाही, याबद्दल कार्यक्रमाच्या निर्मात्यांकडे तक्रार करा, माझ्याकडे नको.