आम्लापासून इंधन

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याचें नांव निघालें म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने उभे राहतात. तथापि पिंपरीस मोटारींच्या आधीं बुरशीचा कारखाना आला होता. इ. स. १९५४ मध्यें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या टाक्यांतून पेनिसिलिन तयार होऊं लागलें, आणि पेनिसिलिन हें रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एक सेंद्रिय आम्लच आहे. सूक्ष्म जीवांकडून आम्ल करवून घेण्याची विद्या या भूमीस परकी नाहीं.

आज याच पट्ट्यांतून बाहेर पडणाऱ्या पेट्रोलच्या गाड्या मद्यार्कमिश्रित इंधनावर चालतात. इ. स. २००१ मध्यें महाराष्ट्रांत मिरज आणि मनमाड येथें पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२५ सालीं तें प्रमाण देशांत शेंकडा २० वर आलें. हा मद्यार्क उसाची मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून यीस्टच्या साहाय्यानें काढतात. यीस्टचा धंदा प्राचीन खरा, पण उधळा आहे. ग्लुकोज साखरेचे १८० ग्रॅम पूर्ण आंबले तरी मद्यार्क मिळतो ९२ ग्रॅम. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेंत जातात. शेतकऱ्यानें पाणी आणि खत घालून जमविलेल्या कार्बनचा तिसरा हिस्सा टाकींतच नाहींसा होतो.

याच्या उलट कांहीं जिवाणू असे आहेत कीं, ते त्याच साखरेपासून वायु जवळजवळ न दवडतां ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतील आंबट द्रव्य, निर्माण करतात. तत्त्वतः १८० ग्रॅम साखरेचें १८० ग्रॅम आम्ल होतें. त्याच्याशीं १२ ग्रॅम हायड्रोजनचा संयोग घडविला तर १३८ ग्रॅम मद्यार्क आणि बाकीचें पाणी! अमेरिकेंत झीकेम नांवाच्या कंपनीनें याच तत्त्वावर ऑरेगन प्रांतांत प्रायोगिक कारखाना उभारून पाहिला.

अडचण आहे ती हा संयोग घडविण्याची. वनस्पति तूप करतांना तेलांत निकेलची पूड घालून हायड्रोजन सोडतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. धातूंचा हा गुण दाखविणारे फ्रेंच शास्त्रज्ञ साबात्ये यांस १९१२ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु त्या निकेलनें दोन कार्बनांमधील दुहेरी बंध तेवढे भरतात. रेणूच्या टोंकाचा आम्लगट जसाच्या तसा राहतो. त्या गटांत एका कार्बनला दोन ऑक्सिजन बिलगलेले असतात. एक त्याचे इलेक्ट्रॉन ओढतो, तर दुसरा ती उणीव भरून काढतो, आणि हायड्रोजनला शिरकावच मिळत नाहीं. बरें, उष्णता आणि दाब वाढवावा, तर निकेल व रुथेनियम यांच्या अंगीं इतका आवेश येतो कीं कार्बनची सांखळीच तुटून मिथेन होऊं लागतो. दार उघडावयास बोलावलेल्या सुतारानें भिंतच पाडावी, तशांतला हा प्रकार.

तेव्हां धातु असा हवा कीं जो ऑक्सिजनचा बंध तोडील, पण सांखळीस हात लावणार नाहीं. तांबें या स्वभावाचें आहे. अमेरिकन रसायनज्ञ होमर ॲडकिन्स यांनीं १९३० नंतरच्या सुमारास तांबें व क्रोमियम यांचा उत्प्रेरक प्रचारांत आणला. एस्टरांपासून मद्यार्क करण्यासाठीं तो दीर्घकाळ वापरांत राहिला. पण क्रोमियमची कांहीं संयुगें विषारी. आणि तांबें फार तापलें म्हणजे त्याचे कण एकमेकांस चिकटून काम करणारा पृष्ठभाग घटतो, ओल्या आम्लांत तर तें हळूहळू विरघळतें. दुसरा मार्ग प्लॅटिनमला कथलाची जोड देण्याचा. प्लॅटिनम हायड्रोजनचा रेणू फोडतें, कथील आम्लाचा ऑक्सिजन धरून ठेवतें आणि शिवाय प्लॅटिनमचा दांडगेपणा आंवरतें. कल्हईवाल्याच्या पिशवींतला हा धातु!

पुण्याजवळच पाषाण येथें, १९५० च्या जानेवारींत उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, या विषयाशीं निकटचें काम झालें आहे. चंद्रशेखर रोडे व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ मध्यें तांबें आणि झिर्कोनिया यांच्या उत्प्रेरकानें लेव्हुलिनिक आम्लावर हायड्रोजनची क्रिया घडविल्याचें प्रसिद्ध केलें. हें आम्ल चिपाडासारख्या काष्ठमय पदार्थांतील सेल्युलोजपासून मिळूं शकतें. निघालेला पदार्थ मद्यार्क नव्हे, व्हॅलेरोलॅक्टोन होय. पण महाग रुथेनियमचें काम तांब्याकडून होतें, हें त्यांतील मोल.

आतां हायड्रोजनचा हिशेब पाहिला पाहिजे. उत्साही लेखक नेमका तोच गाळतात. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायु किंवा कोळसा यांपासून काढला जातो. नैसर्गिक वायूपासून काढल्यास एका किलोमागें नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरच्या उदाहरणांतील १२ ग्रॅम हायड्रोजनमागें म्हणजे शंभराहून अधिक ग्रॅम! यीस्टला चुकवून वांचविले होते ८८. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनें पाणी फोडून हायड्रोजन काढल्याशिवाय हा व्यवहार तोट्याचाच ठरतो, मग उत्प्रेरक कितीही उत्तम असो.

कच्चा माल मात्र महानगराच्या उकिरड्यावर पडलेला आहे. मोशी येथें २०२३ सालीं कचऱ्यापासून वीज करण्याचा १४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. त्याला जळाऊ कचरा चालतो. ओला कचरा हवेवांचून कुजला म्हणजे प्रथम त्यांत ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशीं आम्लें तयार होतात आणि नंतर त्यांचा मिथेन बनतो. मिथेन होण्याआधीं थांबवून हीं आम्लें काढून घेतलीं तर त्यांचे मद्यार्क करतां येतील. ब्युटिरिक आम्लापासून होणारें ब्युटेनॉल तर लिटरमागें पेट्रोलच्या सुमारें नऊदशमांश उष्णता देतें. इथेनॉल दोनतृतीयांशच देतें. टेक्सासमध्यें मार्क होल्ट्झॅपल यांनीं कचऱ्यांतील आम्लांचे चुन्याच्या योगानें क्षार करून, त्यांपासून कीटोन व कीटोनांपासून मद्यार्क, असा वळणाचा मार्ग दाखविला आहे.

पण कुजलेल्या द्रवांत आम्ल थोडें, पाणी फार, आणि त्यांत गंधकाचीं संयुगें मिसळलेलीं असतात. पेट्रोलमधील शिसें जसें मोटारीच्या धुराड्यांतील प्लॅटिनमला मारक ठरलें, आणि देशभर २००० सालीं शिसेंविरहित पेट्रोल आणावें लागलें, तसेंच गंधक येथें तांब्यास व प्लॅटिनमला निकामी करतें. आम्ल वेगळें करावयाचें तर पाणी उकळण्याचा खर्च बसतो. मिथेन मात्र बुडबुडे होऊन आपोआप वर येतो. त्यामुळें ओल्या कचऱ्याच्या बाबतींत तूर्त तरी बायोगॅसची टाकीच स्वस्त पडते.