नव्या हाती वेगवान गाडी

आज मी मोटारगाडीबद्दल बोलणार आहे; पण तिच्या किमतीबद्दल किंवा दिमाखाबद्दल नव्हे. घरातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दाराशी येतो आणि म्हणतो, "बाबा, किल्ली द्या ना, एक चक्कर मारून येतो." त्या वेळी वडीलधाऱ्यांनी काय करावं, एवढाच आजचा विषय. मुलगा म्हटलं, तरी मुलींनाही हे सारं लागू आहे.

तुम्ही म्हणाल, भारी मोटारी म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचं काम, आम्हां गावकऱ्यांना त्याचं काय? तर जरा नवी मुंबईकडे पाहा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसवायचं ठरलं. जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोठं आंदोलन झालं, त्यात पाच जणांनी प्राण दिले. पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्या दारांत एकेकाळी बैलगाडी किंवा होडीची वल्ही दिसत, त्यांतल्या काही दारांत आज मोटारी उभ्या आहेत. यात वाईट काही नाही. कष्टानं आणि लढून मिळालेलं आहे ते. पण म्हणूनच ते कोणाच्या हाती आणि कसं द्यायचं, याचा विचार हवा.

आणि ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांनाही रस्ता ओलांडावाच लागतो. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा सहापदरी पाम बीच मार्ग आहे. त्याच्या एका अंगाला सारसोळे, करावे अशी आगरी-कोळ्यांची गावं, दुसऱ्या अंगाला खाडी. रस्ता असा रुंद आणि मोकळा, की चालवणाऱ्याचा पाय आपसूक दाबला जातो. पण मासळीसाठी खाडीकडे निघालेल्या माणसाला तोच रस्ता जीव मुठीत धरून पार करावा लागतो. तेव्हा हा प्रश्न गाडीवाल्याचा आहे, तितकाच पायी चालणाऱ्याचाही आहे.

आता गाडीची गोष्ट समजून घेऊ. १९८३ साली आपल्याकडे मारुती ८०० आली, तिची ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. आजच्या वेगवान स्पोर्ट्‌स गाड्यांची ताकद चारशे-पाचशेच्या घरात असते. उभी असलेली अशी गाडी चार-पाच सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. विजेवर चालणारी तर पहिल्याच क्षणी पूर्ण ओढ घेते आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळं वेग वाढला हे कानाला कळतही नाही. जुन्या, हळू गाडीत नवशिक्याची चूक झाली, तर सावरायला थोडा वेळ मिळत असे. ताकदवान गाडी तो वेळच काढून घेते. चूक तीच, पण तिची शिक्षा मोठी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना इथं एक विनंती आहे. हा हिशेब फळ्यावर न शिकवता शाळेच्या मैदानात शिकवा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढं गेली. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ३७. आता वेग दुप्पट करा, ताशी १२०. तुम्हांला वाटेल, अंतरही दुप्पट होईल. तसं होत नाही. पहिल्या सेकंदात ३३ मीटर, आणि ब्रेक लावल्यावर पुढचे जवळजवळ ८० मीटर. एकूण ११२-११३. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. मैदानात एक मुलगा ३७ मीटरवर आणि दुसरा ११२ मीटरवर उभा करा. मधली मोकळी जागा मुलांना डोळ्यांनी पाहू द्या आणि विचारा, "या जागेत एखादी आजी रस्ता ओलांडत असती तर?" पावसात हे अंतर आणखी वाढतं, हेही सांगा.

हे नुसतं गणित नाही. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवर एक तरुण आणि एक तरुणी होती, दोघंही अभियंते, दोघांचं वय २४. दोघंही गेली. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, आणि त्यात ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. देशभर त्यावर संताप उसळला. निबंधावर पुष्कळ बोललं गेलं. पण मला वाटतं, आपण त्याच्या आधीच्या क्षणाकडे पाहावं. पोलीस, न्यायालय, वृत्तपत्रं ही सगळी नंतर येतात. त्याआधी एक क्षण असा असतो, की किल्ली अजून घरातच असते.

कायदाही त्याच क्षणावर बोट ठेवतो. मोटार चालवण्याचा परवाना अठरा वर्षं पुरी झाल्यावाचून मिळत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात नवं कलम आलं, १९९ अ. अल्पवयीन मुलानं परवान्याविना गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही. "मला ठाऊकच नव्हतं" असं म्हणून पालकाची सुटका होत नाही. आपल्याला ठाऊक नव्हतं, किंवा आपण अडवण्याची पुरी खबरदारी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून किल्ली खुंटीवर टांगून ठेवू नका. दागिना ठेवता तशी कुलपात ठेवा.

बरं, अठरा पुरी झाली, परवानाही हाती आला. मग द्यायची का ती भारी गाडी? इथं मी तुम्हांला तुमचीच रीत आठवण करून देतो. खोंड कामाला लावताना पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला भरल्या गाडीला जुंपता का? नाही. आधी शेजारी जाणता बैल, रिकामी गाडी आणि मोकळं शिवार. मग थोडं ओझं, मग चढण. जो शेतकरी खोंडाच्या बाबतीत इतका धीर धरतो, त्यानं पोराच्या बाबतीत घाई का करावी?

तर पायऱ्या अशा ठेवा. शिकाऊ परवान्यावर असताना पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर आणि शेजारी परवानाधारक मोठं माणूस, हा तर नियमच आहे. पण तीस दिवसांनी परीक्षा देता येते आणि पक्का परवाना मिळतो, म्हणून शिकवणं थांबवू नका. पुढचे निदान सहा महिने घरातली लहान गाडी, दिवसाउजेडी, शेजारी आई, बाबा किंवा काका. मग पाऊस. मग रात्र. मग हमरस्ता. अटल सेतूवर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे, ती गाठण्याचं आव्हान नव्हे, ओलांडू नये अशी रेघ आहे, हे तिथंच शेजारी बसून समजवा. एवढं झाल्यावर भारी गाडी, तीही पहिले काही महिने शेजारी कोणी असतानाच. पुष्कळ गाड्यांत ओढ सौम्य करण्याची सोय असते, ती वापरा. चाकं घसरू नयेत म्हणून जी यंत्रणा बसवलेली असते, ती गंमत म्हणून बंद करू देऊ नका. ताशी ८० ओलांडलं की नव्या गाड्या मधूनमधून सूचना वाजवतात आणि १२० च्या पुढं सतत. तो आवाज म्हणजे शेजारच्या जाणत्या माणसाचा शब्द समजा.

आणि दोन गोष्टी पहिलं वर्षभर नकोतच. एक, रात्री उशिरा एकट्यानं गाडी नेणं. दुसरी, मित्रांनी भरलेली गाडी. एकटा असताना शहाणा असलेला मुलगा, मागून "दाब की रे!" असं कोणी ओरडलं की वेगळाच होतो. हे फक्त आपल्याकडे नाही. न्यूझीलंडनं १९८७ सालीच पायऱ्यापायऱ्यांनी परवाना देण्याची पद्धत सुरू केली. मधल्या पायरीवर असलेल्याला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवता येत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत नवशिक्यांना वजनाच्या मानानं फार ताकदवान गाड्या चालवायलाच मनाई आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण घराचा कायदा करायला सरकार कशाला हवं? एका कागदावर पाच-सहा अटी लिहा, खाली मुलाची सही, शेजारी तुमची. त्यात एक अट स्वतःसाठीही घाला: कधी पिऊन किंवा झोप येत असताना त्यानं रात्री फोन केला, तर न रागावता तुम्ही त्याला आणायला जाल.

"अहो, पण पोरगं रुसेल," असं एखादी माउली म्हणेल. रुसू द्या. रुसवा आठ दिवसांत निघतो.

शेवटी एकच सांगतो. मूल गाडी चालवायला अठराव्या वर्षी शिकत नाही. मागच्या सीटवर बसून ते लहानपणापासून तुमचंच शिकत असतं. तुम्ही सिग्नल तोडलात, पट्टा न लावता निघालात, फोन कानाला लावून गाडी हाणलीत, तर कागदावरच्या अटींना काही अर्थ उरत नाही. तेव्हा उद्या सकाळी गाडी काढाल, तेव्हा आधी आपला पट्टा लावा, आणि मुलाला तो लावताना दिसू द्या.