गाठ सोडविणारी क्षमा : हवाई बेटांवरील होओपोनोपोनो
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

भाद्रपद महिना जैन समाजासाठी क्षमापनेचा महिना आहे. श्वेतांबर परंपरेत संवत्सरी प्रतिक्रमणानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागितली जाते. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी साजरी होते. जैन दर्शनाशी कोणताही संबंध नसताना प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांनीही क्षमेचा असाच सखोल विचार केला. त्यांच्या क्षमाविधीला ‘होओपोनोपोनो’ म्हणतात. ‘पोनो’ म्हणजे योग्य, नीतीला धरून असलेले. जे बिघडले ते पुन्हा योग्य स्थितीत आणणे, हा या शब्दाचा अर्थ.

या विधीची विश्वसनीय माहिती जगाला मिळाली ती मेरी कावेना पुकुई या विदुषीमुळे. त्यांचा जन्म १८९५ मध्ये हवाई बेटावरील काऊ प्रांतात झाला. बालपणी आजीच्या सहवासात त्यांनी जुन्या चालीरीती आत्मसात केल्या. १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले आणि हवाईयन भाषा घराच्या उंबरठ्याआड गेली. अशा काळात पुकुई यांनी म्हणी, कथा आणि विधी टिपून ठेवले. सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला हवाईयन-इंग्रजी शब्दकोश १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचा ‘नाना इ के कुमु’ हा ग्रंथ १९७२ मध्ये निघाला. ‘मूळ स्रोताकडे पाहा’ असा या नावाचा अर्थ. हा ग्रंथ एका विश्वस्त संस्थेच्या कार्यातून जन्माला आला, हे आजच्या प्रसंगी आवर्जून सांगण्याजोगे आहे. राणी लिलिउओकलानी यांनी १९०९ मध्ये अनाथ व निराधार मुलांसाठी न्यास स्थापन केला. त्या न्यासाच्या बालकेंद्रातील कार्यकर्त्यांना कुटुंबांची दुःखे समजून घेण्यासाठी परंपरेचे ज्ञान हवे होते. ते पुकुई यांनी दिले.

हिहिया : गुंतलेले जाळे

हवाईयन भाषेत कुटुंबाला ‘ओहाना’ म्हणतात. अळूच्या मूळ कंदाला बाजूने जे कोंब फुटतात, त्यांच्या नावाशी पुकुई यांनी या शब्दाचे नाते जोडले आहे. सर्व कोंब एकाच कंदाचे. एकाला कीड लागली तर इतरांना धोका. म्हणूनच घरात कोणी आजारी पडले, तर वनौषधी देणारे वैद्य असतानाही घरातील वडीलधारे विचारीत, कोणाचे कोणाशी काही बिनसले आहे काय?

मग सर्वांना एकत्र बसविले जाई. प्रारंभी प्रार्थना होई आणि तंट्याचा विषय स्पष्ट मांडला जाई. अपराधाला ‘हला’ म्हणतात. हा अपराध दोरीसारखा असून अपराध करणारा आणि तो सोसणारा अशा दोघांनाही बांधून ठेवतो, ही या विचाराची मर्मदृष्टी होय. रागातून राग वाढत जे जाळे विणले जाते, ते ‘हिहिया’. हे जाळे एकेक पदर उलगडत मोकळे करावयाचे. बोलणे एकमेकांशी नव्हे, तर प्रमुखाच्या मार्फत, म्हणजे शब्दाला शब्द लागत नाही. संताप वाढला की प्रमुख सर्वांना मौन पाळावयास सांगे.

त्यानंतर ‘मिही’, म्हणजे अपराधाची कबुली आणि क्षमायाचना. नुकसान झाले असेल तर ते भरून देण्याची व्यवस्थाही तेथेच ठरे. क्षमा मागितल्यावर ती देणे हे समोरच्याचे कर्तव्य. शेवटी ‘काला’, म्हणजे गाठ सोडणे, आणि प्रार्थनेने सांगता.

सोपी क्षमा

१९७६ च्या सुमारास मोर्ना सिमिओना यांनी या विधीला एकट्याने करावयाच्या साधनेचे रूप दिले. पुढे २००७ मध्ये एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकामुळे ‘मला वाईट वाटते, क्षमा कर, धन्यवाद, माझे तुझ्यावर प्रेम आहे’ ही चार वाक्ये जगभर पसरली. त्यांनी काहींच्या मनाला शांती लाभत असेल. परंतु मूळ विधीतील समोरासमोर बसणे, अपराधाचे नाव घेणे आणि भरपाई करणे त्यांत उरले नाही.

भरपाईवाचून क्षमायाचना किती अपुरी राहते, याचे उदाहरणही हवाईचेच आहे. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथविण्यात आली. शंभर वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अमेरिकेने मूळ हवाईयन जनतेची औपचारिक क्षमा मागितली. तथापि, या ठरावाने कोणत्याही दाव्याचा निकाल लागत नाही, असे त्यातच नमूद आहे. ‘मिही’ उच्चारली गेली, ‘काला’ बाकी राहिली.

दोन परंपरा

दोन्ही परंपरांत भेद आहेतच. हवाईयन विधीत देवता व पूर्वजांना आवाहन असते, जुन्या काळी देवतांना पशूचा नैवेद्यही असे. अहिंसाधर्माला तो मान्य होणे शक्य नाही. जैन दर्शनात कर्मबंध ज्याचा त्याने तोडावयाचा असतो आणि क्षमेची व्याप्ती कुटुंबापुरती नसून चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींपर्यंत असते. तरीही गाठीची प्रतिमा दोघांनाही समान आहे. भगवान महावीरांना ‘निर्ग्रंथ’ म्हणतात, म्हणजे ज्यांची कोणतीही गाठ उरली नाही असे.

आज संवत्सरीला शेकडो परिचितांना क्षमापनेचे संदेश जातात. मात्र ज्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून अबोला आहे, ज्या सुनेला बोललेला शब्द अजून सलतो आहे, त्यांचे नाव त्या यादीत पुष्कळदा नसते. सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्याला एका जीवासमोर जाणे जड जाते. दूरच्या बेटांवरील त्या वडीलधाऱ्यांचा आग्रह नेमका तेथेच होता : प्रथम त्याच्यासमोर बसा, आपल्या हातून काय घडले ते सांगा, घेतलेले परत करा. आणि ज्याच्याकडे क्षमा मागितली गेली, त्यानेही दोरीचे आपले टोक हातातून सोडावे.

संस्थेच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरातील निदान एक जुनी गाठ सुटो, हीच सदिच्छा.