शिकलेलं खात्यावर जमा
आम्ही दोघी जावा. पहिलं वर्ष पास झालो, लग्नं झाली, कॉलेज सुटलं. सासरच्या गावी प्रवेशाला गेलो, तर म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.” हिरमुसून परतलो.

मग कळलं, २०२१ पासून ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स तिथे आपल्या खात्यावर जमा होतात, जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. खातं डिजिलॉकरवरून उघडतं. क्रेडिट्स मात्र जुन्या कॉलेज-विद्यापीठाकडूनच भरली जातात. आमची भरलीच नव्हती. तीन खेपा घातल्या, तेव्हा भरली. त्यातली किती धरायची, हे नवं विद्यापीठ ठरवतं. म्हणून गुणपत्रिकेसोबत जुना अभ्यासक्रमही न्या.

आम्ही आता दुसऱ्या वर्षाला आहोत. तुमची वर्षं मोजा, सात व्हायच्या आत निघा!