पडद्यावरचे चित्र आणि शेवटची रांग



पुणे जिल्ह्यातील एखाद्या शाळेत खडकीच्या लढाईचा पाठ चालला आहे, असे समजावे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी व गणेशखिंड यांच्यामधील माळावर बापू गोखल्यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज आणि इंग्रजांच्या पलटणी यांची गाठ पडली. दुसरा बाजीराव त्या वेळी पर्वतीवर होता. जरीपटक्याबरोबर असलेले मोरोपंत दीक्षित या रणात पडले. शिक्षकाने रात्री जागून लढाईचे एक जुने चित्र, जागेचा नकाशा आणि मुळा नदीवरील होळकर पुलाचे छायाचित्र अशा तीन स्लाइड तयार केल्या. घरच्या संगणकावर त्या उत्तम दिसल्या. वर्गाच्या भिंतीवर मात्र जुने चित्र म्हणजे केवळ एक काळपट डाग! टेकडी कोणती आणि घोडेस्वार कोणते, हे शेवटच्या रांगेतील मुलास कळेना. मूल अशा वेळी विचारीत नाही. ते गप्प बसते, आणि पाठ समजला असे शिक्षकास वाटते.

असे होण्याचे कारण साधे आहे. प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे भिंतीचा जो भाग प्रकाशावाचून राहिला तो. खिडक्यांतून ऊन आत येत असेल, तर तो भागही उजळतो आणि काळा व करडा यांतील भेद बुजून जातो. घरच्या पडद्यावर हा अनुभव येत नाही. म्हणून घरी बसून ठरविलेला उजेड वर्गात फसतो.

महाराष्ट्रास ही अडचण नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर चित्रे दाखविण्यास आरंभ केला. ती चित्रे काचेवर हाताने रंगविलेली असत. कागदावर शोभणारा रंग दिव्यापुढे शोभेलच असे नाही. काचेवर दाट बसलेला रंग प्रकाश अडवितो. आजच्या शिक्षकास कुंचला धरावा लागत नाही, एवढाच फरक.

पॉवरपॉइंटमध्ये चित्र निवडले की वर ‘पिक्चर फॉरमॅट’ हा विभाग उघडतो. त्यातील ‘करेक्शन्स’मध्ये ब्राइटनेस म्हणजे उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे उजेड व छाया यांतील अंतर कमीजास्त करता येते. तयार नमुने वीस-वीस टक्क्यांच्या पायरीने दिलेले असतात. केवळ उजळपणा वाढविला तर सारे चित्र फिकट व दुधी होते, ही नेहमीची चूक. उजळपणा एक पायरी व कॉन्ट्रास्ट एक पायरी असे करून पाहावे. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये याखेरीज ‘गॅमा’ ही सोय आहे. तिच्यायोगे मधल्या करड्या छटा तेवढ्या उजळतात. जुन्या काळपट चित्राला हाच उपाय अधिक मानवतो. काही केल्या जमले नाही, तर ‘रीसेट पिक्चर’ने मूळ रूप परत येते, भिण्याचे कारण नाही.

नकाशाची गोष्ट निराळी. एका सैन्यास तांबडा व दुसऱ्यास हिरवा रंग दिल्यास काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, त्यांतील भेद दिसतच नाही. रंगाबरोबर नावही लिहावे.

आता मर्यादा. ही लढाई दिवस कलल्यावर जुंपली आणि अंधार पडता थांबली. तेव्हा चित्रातील सांजवेळ पुसून तेथे दुपारचे ऊन आणणे ही दुरुस्ती नव्हे. करड्या चित्रावर मनचे रंग चढविले, तर ते शिक्षकाने चढविले आहेत, हे मुलांना सांगावे. न सांगितल्यास मुले त्यासच इतिहास मानतील.

छायाचित्रे कापण्याविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. ‘क्रॉप’ केलेला भाग दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. एखाद्या सहलीच्या छायाचित्रात कडेला हजेरीपटाचे पान आले व ते कापून टाकले, तरी ती स्लाइड व्हॉट्सॲपवर ज्याच्या हाती फाइल म्हणून जाईल, तो कड पुन्हा ओढून मुलांची नावे वाचू शकतो. यासाठी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेला भाग काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि मग फाइल जतन करावी. फाइलही त्याने हलकी होते. त्यानंतर मूळ रूप परत मिळत नाही, म्हणून मूळ छायाचित्र वेगळे ठेवून द्यावे.

पाठाच्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी, परंतु पाठाच्या वेळी असतो तितकाच उजेड आत घेऊन, शिक्षकाने तिन्ही स्लाइड भिंतीवर लावाव्यात आणि शेवटच्या रांगेत, मुलाच्याच उंचीवर बसून, होळकर पुलाच्या कमानी मोजून पाहाव्यात.