सावलीतले वाळवण



पापड-कुरडयांना कडक ऊन हवे, म्हणून पुदिना नि तुळसही आपण उन्हातच टाकतो. तेथेच घात होतो. पानाचा वास म्हणजे त्यातले तेल. ते उन्हात उडून जाते नि हाती पाचोळा उरतो. म्हणून फुलोरा येण्यापूर्वी, सकाळी दव सुकल्यावर पाने खुडावीत आणि वारा खेळेल अशा सावलीत फडक्यावर विरळ पसरावीत. बोटांत कुरकुरली की वाळली. ओल राहिली तर बुरशी ठरलेली. मग कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, शेगडीपासून दूर अंधारात ठेवावीत.

महिनाअखेरीस पगार संपला की ही बरणीच चहाला नि चटणीला चव देते. ती भरणाऱ्या गृहिणीचे नाव मात्र कोणत्याच मस्टरवर नसते. मजुरी नाही म्हणून ते श्रमच नव्हेत, असे निदान कामगाराने तरी म्हणू नये.